माळवदाचं जुनं घर पुन्हा राहतं करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात बार्शी-करमाळ्यापासून मंगळवेढा-अक्कलकोटपर्यंत जुन्या घराची ठेवण थोडीफार बदलते, पण अंग तेच: दगड-मातीच्या दोन-तीन फुटी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत. मालक पुण्याला किंवा सोलापुरात, घर दहा-वीस वर्षं कुलपात आणि आता ते वापरात आणायचं आहे, अशा लोकांसाठी ही प्रश्नोत्तरं. ही घरं पडतात ती दोन कारणांनी, वरच्या वजनानं आणि आत मुरलेल्या पाण्यानं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

कुलूप काढल्यावर पहिल्यांदा काय पाहायचं?

छत, आणि तेही खालून. माळवदावर लगेच चढू नका. पाट (छताच्या लाकडी फळ्या) कुजलेले असले तर पाय थेट खाली येतो. चढावंच लागलं तर तुळईच्या रेषेवरूनच चालायचं.

आत बॅटरी घेऊन एकेक खण (दोन तुळयांमधला भाग) बघा. पाटांवर पांढरट कडेचे काळे डाग म्हणजे तिथं पाणी गळलं आहे. तुळई भिंतीत जिथं शिरते, त्या टोकाला टोच्या किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर खुपसा. अर्धा इंच सहज आत गेला तर टोक गेलेलं आहे, मग मधली तुळई कितीही टणक वाजो. भिंतीला तीन-चार ठिकाणी ओळंबा लावा. गिलाव्यावर बोटांच्या पेरांनी ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक, ‘ढब’ असा पोकळ आला तर तिथं खडूनं गोल करा.

मग कागदावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक खांबाला, तुळईला, कडीला (तुळयांवरचं आडवं लाकूड) नंबर द्या. तेच नंबर लाकडावर ऑइलपेंटनं टाका. खडूचे नंबर काम सुरू झालं की दोन दिवसांत पुसले जातात आणि उतरवलेल्या कड्या कुठल्या खणाच्या यावर वाद सुरू होतात.

कागदपत्रं कोणती लागतील?

ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवा. केंद्राच्या स्वामित्व योजनेत (सुरुवात २४ एप्रिल २०२०) गावठाणाची ड्रोननं मोजणी होते आणि घराचं मालमत्ता पत्रक मिळतं. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून ते आधी घ्या. उतारा आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद करून घ्या, आणि चुलत भावंडांची लेखी संमती काम सुरू होण्याआधीच घ्या. छत उघडल्यावर निघालेला हिश्श्याचा वाद पावसाळ्यापर्यंत मिटत नाही आणि मधल्या काळात उघड्या भिंती भिजतात.

शेजाऱ्याबरोबरची भिंत सामाईक आहे का, हे आवर्जून विचारा. गावठाणात बहुतेक वेळा ती असते. तुमच्या बाजूनं भिंत उकलली की त्यांच्या तुळयांची टोकं उघडी पडतात, म्हणून टेकू दोन्हीकडे लावावे लागतात. घर केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल तर १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी हवीच.

काम कोणत्या महिन्यात काढावं?

दिवाळीनंतर. छत उघडायचं ते डिसेंबरनंतर, आणि मार्चअखेर झाकलेलं असायला हवं, कारण एप्रिलच्या उत्तरार्धात वळीव कधीही गाठतो. वळवाचा एक तासाचा पाऊस उघड्या मातीच्या भिंतीला अख्ख्या आषाढापेक्षा जास्त नडतो. चुन्याचं काम मे महिन्यात नको. बेचाळीस अंशांच्या उन्हात चुना आवळायच्या आधीच वाळतो आणि भुगा होतो.

एक अडचण आपल्या जिल्ह्याची खास आहे. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. ट्रॅक्टर कारखान्याला लागलेले असतात आणि मजूरही मिळत नाहीत. माती, मुरूम, वाळू दसऱ्याच्या आधीच आणून झाकून ठेवा.

माळवदावरची माती किती जड असते? ती काढलीच पाहिजे का?

दहा फूट बाय दहा फूट जागेवर एक फूट जाडीची माती म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. दाबलेल्या कोरड्या मातीचं वजन घनफुटाला ४५ ते ५० किलो धरलं तर एवढ्याशा खोलीवर साडेचार ते पाच टन भार होतो. जुन्या घरांवर हा थर दोन फुटांपर्यंत गेलेला सापडतो, कारण दर वर्षी गळतीवर नवी माती टाकली जाते आणि जुनी कुणीच काढत नाही. पावसात ती भिजली की भार आणखी वाढतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतेक अशाच घरांत. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या आणि वर टनांनी माती होती. तरीही ज्या घरांत खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, तिथं भिंती बाहेर ढासळूनही छत बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं. म्हणून दोन गोष्टी कधीही करू नका: ‘मोठा हॉल’ करायला मधला खांब काढू नका, आणि जाड माती तशीच ठेवून खाली सजावटीला लागू नका. छतावरची माती आठ इंचांच्या आत आणणं हे सगळ्यात पहिलं काम, खिडक्या-रंग त्यानंतर.

माती उतरवायची कशी?

आधी टेकू. प्रत्येक तुळईखाली दर चार फुटांवर एक टेकू, त्याच्या बुडाला दोन इंची फळी आणि वर तुळईला समांतर फळी. टेकू ठोकून घट्ट करायचा, पण तुळई वर उचलायची नाही. वर्षानुवर्षं वाकलेली तुळई जबरदस्तीनं सरळ करायला गेलं तर ती तडकते.

मग माती मधल्या खणापासून दोन्ही बाजूंना सारखी काढत जा. एकच बाजू मोकळी केली तर सांगाडा भरलेल्या बाजूला कलतो. टिकाव, पहार नको. खुरपं, छोटं फावडं आणि घमेलं पुरे. उतरवलेल्या मातीचा ढीग माळवदावरच्या दुसऱ्या खणावर लावायचा नाही. ही चूक आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त होते आणि छत कोसळतं ते बहुधा याच दिवशी. माती थेट खाली अंगणात जाऊ द्या.

ती माती फेकूही नका. वरची गवत-मुळांची चार बोटं सोडली तर खालची मुरलेली पांढरी माती गिलाव्याला सोन्यासारखी आहे.

एक व्यवहाराचं: हे काम उक्तं देऊ नका, रोजानं द्या. उक्त्यात घाई होते, आणि घाईत टेकू आधी निघतात.

नवं छत कशाचं? पुन्हा मातीचंच, पत्रे की स्लॅब?

घरात बारमाही माणूस राहणार असेल तर मातीचं किंवा चुन्याच्या कोब्याचं (चुना आणि विटांच्या तुकड्यांचा ठोकलेला थर) माळवद उत्तम. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत आणि माळवदाच्या सोप्यात बसून बघा, वेगळं सांगावं लागत नाही.

कोब्याचे थर खालून वर असे: पाटांवर कडुनिंबाचा पाला किंवा तुराट्या एक इंच, त्यावर काड घालून मळलेली पांढरी माती, ठोकून तीन इंच, ती पूर्ण वाळली आणि चिरा बुजवल्या की चुन्याचा कोबा, ठोकून तीन इंच. कोब्याला एक भाग चुना, दोन भाग सुरखी (विटांची भुकटी) असा माल कालवायचा आणि त्या मालाच्या अडीचपट विटांचे एक इंची तुकडे घालायचे. उतार दहा फुटांना दोन इंच. पसरल्यावर लाकडी थापीनं सात दिवस ठोकायचा, आणि ठोकताना गूळ-बेलफळाचं पाणी शिंपडायचं (१०० लिटर पाण्याला तीन किलो गूळ आणि दीड किलो बेलफळं, उकळून). थापी मारल्यावर ठसा उमटेनासा झाला की कोबा बसला. पुढे किमान आठवडाभर ओली पोती.

पन्हाळं भिंतीपासून दीड फूट तरी बाहेर हवीत. आखूड पन्हाळ्याचं पाणी वाऱ्यानं भिंतीवरच येतं आणि चार पावसाळ्यांत तिथं उभी घळ पडते.

घर बरेच महिने बंद राहणार असेल तर पातळ केलेल्या माळवदावर हवेला फूटभर जागा सोडून पत्रे टाकणं शहाणपणाचं. पत्र्याचा सांगाडा खालच्या तुळयांना बोल्टनं बांधा, नुसता कठड्यावर दगड ठेवून बसवू नका. वळवाचं वारं पत्रा खालून उचलतं. स्क्रू नागमोडीच्या उंचवट्यावर मारायचा, खोबणीत नाही.

स्लॅब नको. पाच इंची स्लॅब वजनाला चौरस फुटाला तीस किलोच्या आसपास, म्हणजे जाड मातीपेक्षा हलकाच, हे खरं. पण मातीत रचलेल्या भिंतीला तो कुठेच बांधलेला नसतो. जमीन हलली की अखंड शिळेसारखा सरकतो आणि खालची भिंत ढकलून देतो.

छतातलं सवणं (उजेडासाठी ठेवलेलं भोक) बुजवावं का?

नाही. उजेड आणि गरम हवा बाहेर जायला वाट, दोन्ही त्यातूनच मिळतात. भोवती सहा इंच उंच चुन्याचा कठडा करून वर जाड काच बसवा, आणि काचेखाली हवेला फट आणि चिमण्या येऊ नयेत म्हणून जाळी.

तुळईचं टोक कुजलंय. सगळी तुळई बदलायची?

बहुधा गरज नसते. कुज टोकाच्या दीड-दोन फुटांतच असते, कारण तिथं भिंतीतली ओल लागते आणि हवा नसते. टेकू देऊन कुजका भाग टणक लाकूड लागेपर्यंत कापा, त्याच जातीचा वाळलेला जुना तुकडा तिरप्या सांध्यानं जोडा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून किमान चार बोल्टनं आवळा. टोक पुन्हा भिंतीत बसवताना खाली सपाट दगड, आणि बाजूंनी व वर बोटभर मोकळी जागा. ती सिमेंटनं भरून ‘पक्की’ करण्याचा मोह आवरा. पहिली तुळई तशाच गुदमरून कुजलेली असते.

जुन्या वाड्यांचं सागवान बाजारातही मिळतं. नवं ओलं कडुनिंब किंवा बाभूळ बसवलं तर ते वर्षभर पिळत राहतं.

वाळवीचं काय करायचं?

आधी तिची वाट शोधा. मातीची बारीक नळी जमिनीतून खांबाच्या तळखड्यावरून चढलेली दिसते. तळखड्याचा दगड मुळात लाकूड जमिनीपासून वर ठेवायलाच असतो, पण फरशी वाढवत-वाढवत तो गाडला जातो. तो मोकळा करा, अर्धं काम तिथंच होतं.

जमिनीत औषध द्यायचं तर भिंतीलगत दर फुटावर १२ मिमीची छिद्रं आणि प्रत्येकात सुमारे एक लिटर द्रावण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी लिटरला २.१ मिली हे नेहमीचं प्रमाण, तरी डब्यावरचं वाचून, परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. वाड्यात आड असेल तर त्याच्या आसपास हे औषध अजिबात नको, पाणी पीत नसाल तरीही. लाकडाला बोरिक अॅसिड-बोरॅक्स लावता येतं: १० लिटर गरम पाण्यात ४०० ग्रॅम बोरिक आणि ६०० ग्रॅम बोरॅक्स, दोन-तीन हात. पण पाऊस लागणाऱ्या लाकडातून ते धुऊन जातं.

भिंतीला पोट आलंय. लिंपून चालेल?

चालणार नाही. या भिंती खरं तर दोन असतात: आतला थर, बाहेरचा थर आणि मधे चिपा-माती. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड नसला की आतली माती पाण्यानं खाली बसते आणि बाहेरचा थर सुटून फुगतो. पोटाचा भाग टेकू देऊन वरून खाली उकला आणि पुन्हा रचा. रचताना दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर पूर्ण जाडीचा दगड घाला.

भिंत सरळ असली तरी तिला आरपार शिवून घेता येतं, किल्लारीनंतर दुरुस्तीसाठी हीच पद्धत सांगितली गेली. उभं-आडवं दर एक मीटरवर एक जागा ठरवायची, वरच्या ओळीपेक्षा खालची अर्धा मीटर सरकवून. तिथला दगड हलक्या हातानं हलवून काढायचा आणि तीन इंची आरपार भोक करायचं. त्यात १:२:४ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट अर्धं भरायचं, दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिमीची सळई ठेवायची, उरलेलं भरायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. घण लावायचा नाही. भोक वाकडंतिकडं झालं तरी बिघडत नाही, भिंत हादरली तर बिघडतं. मातीत रचलेल्या दगडी भिंतींच्या भूकंपरोधक बांधणीसाठी आयएस १३८२८ आणि दुरुस्तीसाठी आयएस १३९३५ ही मानकं आहेत. तुमचा अभियंता ती पाहणारा हवा.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा का नको? गावात तर सगळे करतात.

करतात, आणि पाच-सहा वर्षांनी त्याचे ताव सुटतात तेही दिसतं. मातीची भिंत खालून ओल शोषते आणि वरून हवेला सोडते. सिमेंट ही वाट बंद करतं. मग ओल आतच वर चढत जाते, आज दोन फुटांवर असलेला लोणा (भिंतीवर फुटणारं मीठ) चार फुटांवर जातो, आणि सिमेंटमागची माती ओली होऊन खाली बसते. बाहेरून भिंत तुळतुळीत, आत पोकळ. हाच खरा धोका, कारण मातीची भिंत पडण्याआधी चिरून, झडून सांगते. सिमेंटखालची भिंत काहीच सांगत नाही.

लावलेलं असेल तर आधी खालचे तीन फूट काढा. यंत्र नको, छिन्नी-हातोडा, तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत. मग भिंतीला एक अख्खा उन्हाळा मोकळा द्या. लोणा कोरड्या कुंच्यानं झाडून घराबाहेर टाका, पाण्यानं धुऊ नका, धुतला की परत भिंतीतच जातो. त्यावर मातीचा पातळ थर द्या. तो मीठ ओढून घेतो, काही महिन्यांनी खरवडून टाकायचा, लागल्यास पुन्हा द्यायचा. रंगही प्लास्टिक इमल्शन नको, चुन्याची सफेदीच.

गिलाव्याला कुठली माती?

काळी नाही. ओली असताना लोण्यासारखी लागते, वाळली की तळहाताएवढ्या भेगा. पडलेल्या भिंतीची आणि माळवदाची पांढरी माती घ्या, फक्त भिंतीच्या बुडाच्या दोन फुटांतली खारट माती बाजूला टाका. गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड मात्र खणू नका. तशा टेकाडांत जुन्या वस्त्यांचे थर असतात, आणि एकदा उपसले की संपले.

काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि एक दिवस ठेवा. तळाला वाळू, मधे गाळ, वर चिकणमाती बसते. चिकणमाती पाचवा हिस्सा असेल तर छान. जास्त असेल तर वाळू मिसळा. काड बोटभर लांबीचं कापून, शेण घालून, रोज पायानं तुडवत सात दिवस कुजवा. आंबूस वास आला की माती तयार. मग भिंतीवर फूटभर चौकोनाचे तीन नमुने लावून वाळू द्या: चिरला तर वाळू वाढवा, बोटानं झडला तर माती वाढवा. १०० चौरस फुटांना एक इंच जाडीसाठी कोरडा माल ११-१२ घनफूट लागतो.

चुना बाजारातला पिशवीचा चालेल का?

ताजा असेल तर चालतो. जुनी पिशवी हवेनं मेलेली असते. कळीचा चुना (भाजलेले कोरडे खडे) घरी पाण्यात विरवणं जास्त चांगलं. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, कारण तो उकळून उडतो. डोळ्यांना चष्मा, मुलं लांब. गाळून, पाण्याखाली किमान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर ठेवा. खालचा हात १ चुना, १ सुरखी, २ वाळू. वरचा १ चुना, ३ वाळू. प्रत्येक हात दहा मिमीपेक्षा जाड नको, दोन हातांत दहा दिवसांचं अंतर.

उन्हाळ्यात भेग उघडते आणि पावसाळ्यात मिटते. हे काय?

पायाखालची काळी माती. पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, तारीख लिहा, आणि मे ते ऑक्टोबर बघत राहा. ऋतूप्रमाणे येणारी-जाणारी भेग चुन्यानं भरली की पुरे. पण काच फुटून भेग एकाच दिशेनं वाढत असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा: भिंतीलगतचं न्हाणीघर, फुटका पाइप, शोषखड्डा. भिंतीभोवती तीन फूट रुंदीचा मुरमाचा पट्टा ठोकून बाहेर उतार द्या.

फरशी कोणती टाकावी?

शहाबादी. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, जवळ आहे आणि या घरांना शोभते. खाली चार इंच मुरूम ठोकून त्यावर दोन इंच चुन्याचा माल. प्लास्टिक अंथरून सिमेंट काँक्रीट ओतलं तर जमिनीची ओल भिंतीकडे वळते.

पुराचं पाणी घरात आलं होतं. आता?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनाकाठच्या गावांना हे भोगावं लागलं. आधी टेकू, मग सगळी दारं-खिडक्या उघड्या, सामान भिंतीपासून दूर. जाड मातीची भिंत आतून वाळायला एक उन्हाळा जातो. तोवर गिलावा, रंग काही नको.

न्हाणीघर, संडास, वायरिंग कसं बसवायचं?

ओलं काम मूळ भिंतींना न चिकटवता परसात वेगळं बांधा. काळ्या मातीत शोषखड्ड्याचं पाणी मुरत नाही, म्हणून खड्डा मोठा आणि घरापासून लांब ठेवा. वायरिंगसाठी भिंतीत खाचा नकोत, कडीच्या कडेनं उघडी पट्टी न्या. मेनवर ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवंच.

दुरुस्तीनंतर घर पुन्हा बंदच राहणार. वर्षाला काय करावं लागेल?

अक्षय तृतीयेच्या आसपास एक दिवस काढा. माळवदावरचं गवत आणि पिंपळ-उंबराची रोपं बघा. बोटाएवढं रोप ओढू नका, मूळ कोबा घेऊन येतं; बुडापासून कापून चिरेत चुना भरा. पन्हाळ्यातली पानं, चिमणीची घरटी साफ करा, बादलीभर पाणी ओतून ते भिंतीपासून लांब पडतंय का पाहा. पहिल्या मोठ्या पावसानंतर शेजाऱ्यांना किल्ली देऊन आत एक चक्कर मारायला सांगा, आणि पाटांवर नवा डाग दिसला तर खणाचा नंबर फोनवर कळवायला सांगा.